राक्षसांचे आकडे जुळवताना : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

आमच्या खेळगटासाठी मी जो छोटा नियमसंच लिहितो आहे, त्यात चोवीस राक्षसांचे एक प्रकरण असेल. त्यांचे आकडे अंदाजाने न भरता हिशेबाने भरायचे, असे ठरवून ही वही आजपासून सुरू करतो आहे. नियमांचा पाया ओळखीचाच आहे: वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात हल्ल्याचा बोनस मिळवायचा, आणि बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (त्याच्यावर वार लागणे किती अवघड, तो आकडा) किंवा त्याहून जास्त आली की वार लागला. तुलनेसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती हाताशी ठेवली आहे, कारण तिच्यातले आकडे गटातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले आहेत.

हिशेबासाठी एक ठरावीक गट लागतो, म्हणून तिसऱ्या पातळीची चार एकसारखी पात्रे गृहीत धरली आहेत. प्रत्येकाचे २४ हिट पॉइंट (पडण्याआधी किती इजा सोसता येते, तो आकडा), आर्मर क्लास १५, हल्ल्याचा बोनस +५, आणि वार लागला की आठ पैलूंचा एक फासा अधिक ३, म्हणजे सरासरी ७.५ इजा. खऱ्या गटात एक जाडजूड चिलखत घातलेला असतो, एक नुसत्या झग्यातला जादूगार असतो आणि त्यांचे आकडे कधीच सारखे नसतात. तरीही मोजपट्टी एकच असल्याशिवाय दोन राक्षसांची तुलना करता येत नाही.

वार लागण्याची शक्यता काढायला २१ मध्ये बोनस मिळवून आर्मर क्लास वजा करायचा आणि २० ने भागायचे. +५ बोनस आणि समोर आर्मर क्लास १५ असेल तर वीसपैकी ११ पैलूंवर वार लागतो, म्हणजे ५५ टक्के. फाशावर २० पडले, म्हणजे क्रिटिकल झाला, की इजेचे फासे दुप्पट होतात, त्यामुळे दर हल्ल्यामागे ०.२२५ ची भर पडते. एका पात्राची दर फेरीची सरासरी इजा ४.३५ आणि चौघांची मिळून १७.४ होते. हा १७.४ चा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

१४ जानेवारी

आज पाचव्या आवृत्तीतला एक ओगर आणि आठ गॉब्लिन यांना या गटासमोर कागदावर उभे केले. ओगरचा आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९, बोनस +६, आणि गदेचा वार सरासरी १३ चा. गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, बोनस +४, आणि वार सरासरी ५.५ चा. आठ गॉब्लिनांचे मिळून ५६ हिट पॉइंट होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना मारायचे मांस जवळजवळ सारखेच आहे.

ओगरवर आमचे वार ७५ टक्के वेळा लागतात, चौघांची फेरीमागे २३.४ इजा होते आणि तो तिसऱ्या फेरीत पडतो. त्याची स्वतःची सरासरी फेरीमागे ८.२५ आहे. तो आधी खेळला असे धरले, तर त्याच्या तीन पाळ्यांत गटाचे सुमारे २५ हिट पॉइंट जातात.

गॉब्लिनांचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. सात हिट पॉइंटांच्या गॉब्लिनला आमचा एक वार आठपैकी पाच वेळा पुरतो आणि उरलेल्या वेळी दुसरा वार लागतो. म्हणजे दर गॉब्लिनमागे सरासरी १.३७५ वार, आणि आठ जणांना मिळून ११. फेरीमागे आमचे २.२ वार लागतात, म्हणून लढत पाच फेऱ्या चालते. अकराच्या इजेचा वार सात हिट पॉइंटांवर पडला की चार वाया जातात, आणि ही वाया जाणारी इजा राक्षसाच्या हिट पॉइंटांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. गॉब्लिनांनी सुरुवात केली तर फेऱ्यांच्या आरंभी त्यांची संख्या सरासरी ८, ६.४, ४.८, ३.२ आणि १.६ अशी उतरत जाते, बेरीज २४. एका गॉब्लिनची फेरीमागची सरासरी इजा २.९२५ आहे, तेव्हा एकूण इजा ७०.२.

गटाकडे एकूण ९६ हिट पॉइंट आहेत. ओगर त्यातले पाव भाग खातो, तर तेवढ्याच मांसाचे आठ गॉब्लिन पाऊणच्या जवळ पोहोचतात.

१५ जानेवारी

कालच्या हिशेबात इनिशिएटिव्हकडे, म्हणजे फेरीत कोण कधी खेळणार या क्रमाकडे, दुर्लक्ष झाले होते. गटाने सुरुवात केली तर पहिल्या फेरीत आठऐवजी ६.४ गॉब्लिन वार करतात, शेवटी बेरीज २४ ऐवजी १६ भरते आणि इजा ४६.८ वर येते. म्हणजे कोण आधी खेळले एवढ्यानेच लढतीचा एक तृतीयांश धोका कमी-जास्त होतो. दबा धरून बसणाऱ्या राक्षसांच्या पानावर यापुढे दोन आकडे लिहीन, एक ते आधी खेळल्याचा आणि एक नंतर खेळल्याचा.

१९ जानेवारी

पहिली चाचणी आज झाली. आठ गॉब्लिन, मोकळे मैदान, आणि खेळाडूंना काहीही सांगितलेले नाही. गॉब्लिन आधी खेळले आणि मी, गेम मास्टर (खेळ चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा) म्हणून, फारसा विचार न करता त्यांचे पहिले आठही बाण एकाच पात्रावर सोडले, कारण ते सर्वांत पुढे उभे होते. पाच बाण लागले. ते पात्र लढतीत एकही पाळी न खेळता पडले आणि ती खेळाडू पुढचा पाऊण तास बहुतेक काळ नुसती बघत बसली. त्याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण तिच्या खेळण्यात काहीच चूक नव्हती.

घरी येऊन मोजले. निम्म्या शक्यतेच्या आठ बाणांपैकी पाच किंवा जास्त लागण्याची शक्यता २५६ मध्ये ९३, म्हणजे ३६ टक्के आहे, आणि पाच बाण लागले की २४ हिट पॉइंट बहुधा संपतात; कधीकधी चारही पुरतात. हेच बाण चौघांवर दोन-दोन वाटले असते, तर दोन साध्या वारांतून जास्तीत जास्त १६ इजा झाली असती आणि क्रिटिकल वगळता पहिल्या फेरीत कोणी पडलेच नसते. एकूण सरासरी इजा दोन्ही वेळा सारखीच, २३.४ आहे. सरासरीच्या कोष्टकात ज्या दोन लढती एकसारख्या दिसतात, त्यांतल्या एकीत खेळाडूला दोन घटका गंमत मिळते आणि दुसरीत तिचे पात्र जमिनीवर असते.

म्हणून प्रत्येक राक्षसाच्या पानावर ‘कोणावर वार करतो’ अशी एक ओळ सक्तीची केली आहे. गॉब्लिन जवळच्यावर वार करतात, पण दोनाहून जास्त गॉब्लिन एकाच पात्रावर बाण सोडत नाहीत, कारण शिकार वाटून घेण्यावरून त्यांची आपसात भांडणे होतात. हा गॉब्लिनांचा स्वभाव म्हणून लिहिला असला, तरी धोक्याच्या गणितात त्याचे वजन आर्मर क्लासइतकेच आहे, आणि गेम मास्टरच्या त्या दिवशीच्या लहरीवर तो सोडून देणे मला पटत नाही.

२५ जानेवारी

१४ तारखेची उतरती बेरीज डोक्यातून जात नव्हती. फेरीमागे ठरावीक संख्येने राक्षस मरत असतील, तर गॉब्लिनांच्या एकूण पाळ्या त्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, कारण जास्त राक्षस एकाच वेळी जास्त मारतात आणि शिवाय जास्त काळ टिकतात. संख्या अशी दोनदा मोजली जाते. चार गॉब्लिनांचा हिशेब करून पाहिला: ते आधी खेळले तर ७.२ पाळ्या, नंतर खेळले तर ३.२, मध्य ५.२. आठांचा मध्य २०. संख्या दुप्पट झाली आणि धोका जवळजवळ चौपट.

हे नाते नवे नाही. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ मध्ये लढाऊ दलांसाठी नेमके हेच मांडले होते: दुरून मारा करणाऱ्या दोन दलांत, जिथे प्रत्येकाला कोणावरही नेम धरता येतो, तिथे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते; आणि जिथे एकास एक अशीच झुंज होऊ शकते, तिथे ते नुसत्या संख्येप्रमाणे वाढते. हा दुसरा भाग आमच्या खेळाला फार लागू पडतो. तेच आठ गॉब्लिन धनुष्यांशिवाय अरुंद बोळात घातले, जिथे एका वेळी दोघांनाच पुढे येता येते आणि आमच्या मागच्या दोघांना मात्र डोक्यावरून बाण आणि मंत्र सोडता येतात, तर त्यांच्या पाळ्या २, २, २, २ आणि १.६ अशा होतात आणि इजा ७० वरून २८ वर येते. राक्षसांच्या पानावरचा एकही आकडा न बदलता एका दरवाजाने धोका निम्म्याहून खाली आणला.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मार्गदर्शनात संख्येसाठी गुणक होते: दोन राक्षसांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट, सात ते दहांना अडीचपट, आणि पुढे पंधरा व त्याहून जास्त असतील तर चौपट. चार गॉब्लिनांचे २०० गुण (राक्षसांना हरवल्याबद्दल मिळणारे अनुभवगुण) दुप्पट होऊन ४००, आठांचे ४०० गुण अडीचपट होऊन १०००. म्हणजे चारावरून आठावर जाताना धोका अडीचपट मानला जातो, तर माझ्या हिशेबात तो चौपटीच्या जवळ आहे. बहुधा बोळ, आडोसे आणि एका फटक्यात चार जणांना भाजणारे मंत्र गृहीत धरून हे गुणक सौम्य ठेवले असावेत, आणि तसे असेल तर ते समंजसपणाचेच आहे. मंत्राने पहिल्याच पाळीत आठाचे चार केले, तर वर्गाच्या नियमाने उरलेला धोका चतुर्थांश होतो. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत मात्र हे गुणक काढून टाकले. वापरायला ते सोपे झाले हे खरे, पण माझ्या नियमसंचात गुणक राहतील, आणि मैदान मोकळे आहे की अरुंद यानुसार ते दोन वेगळ्या रांगांत असतील.

२ फेब्रुवारी

एकट्या राक्षसाचा धोका एका आकड्यात कसा लिहावा, यावर आठवडा गेला. जुन्या मार्गदर्शनात राक्षसाचे आक्रमक आणि बचावात्मक असे दोन चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड, ते सांगणारा आकडा) काढून त्यांची सरासरी घेत. त्या कोष्टकात रेटिंग ४ ला ११६ ते १३० हिट पॉइंट आणि फेरीमागे २७ ते ३२ इजा आहे. रेटिंग १ ला ७१ ते ८५ आणि ९ ते १४. रेटिंग ७ ला १६१ ते १७५ आणि ४५ ते ५०.

आता दोन राक्षस घ्यावेत. पहिल्याचा बचाव १ चा आणि हल्ला ७ चा, दुसऱ्याचा बचाव ७ चा आणि हल्ला १ चा. सरासरी दोघांचीही ४. मधले आकडे धरून हिट पॉइंट आणि इजा यांचा गुणाकार केला, तर पहिल्याचा ३७०५ येतो, दुसऱ्याचा १९३२, आणि दोन्ही बाजूंनी ४ असणाऱ्या साध्या राक्षसाचा ३६२८. म्हणजे चिवट पण दुबळे मारणारा राक्षस त्याच्या रेटिंगच्या निम्माच धोकादायक असतो, लढत मात्र लांबवतो. खेळाडू ज्या लढतींना कंटाळवाण्या म्हणतात, त्यांतल्या पुष्कळशा मला या जातीच्या वाटतात.

म्हणून माझ्या प्रकरणात राक्षसाचा धोका म्हणजे तो टिकतो त्या फेऱ्या गुणिले त्याची फेरीमागची अपेक्षित इजा. ओगरचा आकडा २५, आठ गॉब्लिनांच्या टोळीचा ७०. गटाच्या ९६ शी ताडून पाहिले की खेळाडूंना काय सोसावे लागेल ते थेट कळते, आणि मधल्या गुणांच्या कोष्टकाची गरज उरत नाही. पहिल्या जातीच्या राक्षसाला, म्हणजे काचेसारख्या नाजूक पण जबर मारणाऱ्याला, गुणाकार पुरेसा न्याय देत नाही हे माहीत आहे: त्याचा एकच वार पात्राला पाडू शकतो. त्याच्यासाठी एक वेगळी मर्यादा ठेवली आहे. क्रिटिकल सोडून कोणत्याही एका वाराची कमाल इजा त्या पातळीच्या पात्राच्या हिट पॉइंटांच्या पाऊणपटीवर जाऊ नये. तिसऱ्या पातळीला ती १८ होते. ओगरचा वार २० पर्यंत जातो, म्हणून माझ्या ओगरची गदा थोडी हलकी केली.

८ फेब्रुवारी

लांडग्यांचे पान. सोबती जवळ असला की लांडग्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. दोन फाशांतल्या मोठ्याची सरासरी १३.८२५ येते, एका फाशाची १०.५, म्हणून अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे साधारण +३ असे पुष्कळ जण धरून चालतात, आणि मीही आजवर तसेच धरत आलो. पण शक्यता मांडल्या की हे कोलमडते. फाशावर ११ हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, म्हणजे +५ इतका फायदा. २० च हवे असतील तर ५ चे ९.७५ होतात, म्हणजे जेमतेम +१.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा फायदा कोणाविरुद्ध किती पडतो. +४ बोनसच्या लांडग्याची झग्यातल्या जादूगाराला, आर्मर क्लास १२ ला, चावण्याची शक्यता ६५ वरून ८७.७५ टक्के होते, म्हणजे १.३५ पट. जाड चिलखतातल्या आर्मर क्लास १९ च्या शिपायाविरुद्ध ती ३० वरून ५१ वर जाते, म्हणजे १.७ पट. घेरा घालणारे राक्षस चिलखताची किंमत कमी करतात, आणि ज्याने सोने खर्चून चिलखत घेतले त्यालाच त्यांची झळ जास्त लागते. हे मला चुकीचे वाटत नाही, कारण घेरले गेल्यावर ढाल एकाच बाजूला धरता येते. पण तीन-चार पाने सलग अशाच राक्षसांची असतील, तर त्या शिपायाचा खेळाडू नाराज होईल. चोवीसपैकी घेरा घालणारे चारच ठेवतो.

१६ फेब्रुवारी

दुसरी चाचणी, आणि ती फसली. चिखलदैत्याचा आर्मर क्लास १३, हिट पॉइंट ७०, आणि स्वतःच्या पाळीच्या आरंभी तो चिखल ओढून ८ हिट पॉइंट भरून काढतो. कागदावर सगळे नीट होते: आमचा गट त्याला फेरीमागे २०.४ इजा करतो, पहिल्या फटक्यांनंतर प्रत्येक फेरीला ८ परत येतात, आणि पाचव्या फेरीला तो बरोबर पडतो.

दुसऱ्या फेरीत एक पात्र पडले, चौथीत दुसरे. त्यानंतर दैत्याचे हिट पॉइंट खाली येणे जवळजवळ थांबले. दहाव्या फेरीला मी लढत थांबवली आणि खेळाडूंना सरळ सांगितले की आकडा माझा चुकला आहे, तुमचा डाव नाही.

चूक ही की भरून काढण्याचा आकडा स्थिर दिसत असला, तरी त्याची किंमत स्थिर नसते. चौघे उभे असताना २०.४ मधून ८ वजा होतात आणि १२.४ उरतात. सुरुवातीपासून तिघेच असते तर फेरीमागे ७.३ उरले असते आणि लढत नवव्या फेरीपर्यंत गेली असती. दोघे असते तर २.२ उरले असते आणि एकोणतीस फेऱ्या लागल्या असत्या. गट जितका खचतो, तितका हा राक्षस अमर होत जातो. संकटात सापडलेल्या गटालाच जास्त संकटात ढकलणारे नियम लढतीच्या शेवटी हळूच वर येतात, आणि सुरुवातीच्या हिशेबात त्यांचा मागमूस नसतो.

२३ फेब्रुवारी

दैत्याची दुरुस्ती झाली. चिखल तीन वेळाच ओढता येतो, म्हणजे एकूण २४ हिट पॉइंट आणि त्यापुढे काही नाही. आग लागली तर त्या पाळीला तेही नाही. आता पूर्ण गटासमोर तो जास्तीत जास्त ९४ हिट पॉइंटांचा राक्षस आहे आणि पूर्वीप्रमाणेच पाचव्या फेरीत पडतो. तिघांना सातवी फेरी लागते, दोघांना दहावी. पूर्ण गटाला कोणताही फरक जाणवत नाही आणि खचलेल्या गटाला वाट उरते. आज त्याच खेळाडूंनी त्याला पुन्हा खेळून पाहिले: एक पात्र पडले, सहाव्या फेरीत दैत्य पडला. तिसऱ्या वेळी चिखल ओढल्यावर त्याच्या अंगावरचा थर विरळ दिसू लागतो, असे वर्णन मी केले, तेव्हा एका खेळाडूने आपणहून ‘आता पळायचे नाही’ असे म्हटले. मर्यादा खेळाडूंना दिसली पाहिजे, ही ओळ त्याच्या पानात घातली.

१ मार्च

शेवटचे पान गुहेच्या राणीचे. एकटा राक्षस आणि चार पात्रे ही लढत आकड्यांत बरोबर असूनही फसते, याचे कारण पाळ्यांमध्ये आहे. राणीचा मनोबलाचा बोनस +३ आणि मंत्राची काठिण्यपातळी १३ असेल, तर जखडून टाकणारा मंत्र ४५ टक्के वेळा लागतो; दोघांनी प्रयत्न केला तर किमान एक लागण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के. एक पाळी गेली की त्या फेरीपुरता राक्षसांचा सगळा पक्षच गप्प बसतो. पाचव्या आवृत्तीत अशा राक्षसांना फसलेला बचाव यशस्वी ठरवण्याची मुभा, बहुधा दिवसातून तीनदा, दिलेली असते. तो उपाय काम करतो, पण खेळाडूने मंत्र खर्चून मिळवलेले यश तो पुसून टाकतो, म्हणून मी तो घेणार नाही.

त्याऐवजी राणी एका फेरीत दोनदा खेळेल, इनिशिएटिव्ह २० वर आणि १० वर, आणि जखडणारा मंत्र तिची पुढची एकच पाळी घेईल. खेळाडूला त्याचे फळ मिळते आणि लढतही जिवंत राहते. आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ८७, म्हणजे फेरीमागे १७.४ ने बरोबर पाच फेऱ्या. दर पाळीला एक वार, बोनस +६, सहा पैलूंचे दोन फासे अधिक ४. अपेक्षित इजा ६.९५. कमाल वार १६, मर्यादेच्या आत. पाच फेऱ्यांत नऊ किंवा दहा पाळ्या मिळतात, तेव्हा कोणी तिला जखडले नाही तर एकूण ६३ ते ७० इजा, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या आठ गॉब्लिनांइतकी. तिची चाचणी पुढच्या बैठकीत, आणि पहिल्या दिवशी बाणांनी पडलेल्या खेळाडूला या वेळी इनिशिएटिव्हमध्ये राणीच्या दोन पाळ्यांच्या मधली जागा मिळेल का, हे फासेच ठरवतील.